लाल दिवा पेटलाच नाही : गाडीचं मीटर घरच्या घरी कसं काढावं

चुलीवर आमटी ठेवली असेल तर आच जरा कमी करा आणि पंधरा मिनिटं माझ्याजवळ बसा. आजचं बोलणं गाडीबद्दल आहे. ‘गाडीचं काय ते गडीमाणसं बघतील’ असं म्हणून उठू नका. आमच्या गटानंही नेमकं तेच म्हटलं होतं आणि त्याची किंमत मोजली.

मी मंगळवेढ्याकडची. आमचा अकराजणींचा गट कडक भाकरी आणि शेंगाचटणी करतो. माल पंढरपूरला आणि सोलापूरला जातो. आधी एसटीनं न्यायचो, पुढं गटाच्या पैशातून एक जुनी व्हॅन घेतली. मी आणि आमच्या गटातल्या धाकट्या वैनी, दोघींनी गाडी शिकून लायसन काढलं. वर्षभर सगळं सुरळीत चाललं.

मग आषाढीच्या चार दिवस आधी, भाकरीची पोती भरून पंढरपूरला निघाले असताना, इंजिनातून ठकठक आवाज यायला लागला. पुढच्या फाट्यापर्यंत जाऊ म्हटलं, पण तिथंवर पोचायच्या आधीच गाडी बंद पडली. मेकॅनिक आला. त्यानं ऑइलची पट्टी ओढून बघितली, तर टोकालासुद्धा ऑइल लागलेलं नव्हतं. इंजिनाचे बेअरिंग गेले होते. तो म्हणाला, “ताई, समोर लाल दिवा पेटला असेल की! तरी चालवत राहिलात?”

दिवा पेटला नव्हता. मी शपथेवर सांगितलं तरी त्याला पटेना. गावात आल्यावर तर काय विचारता! ‘बायकांच्या हातात गाडी दिली की असंच व्हायचं’ हे मी चार तोंडांतून ऐकलं. दुरुस्तीला गटाचे एकोणीस हजार गेले आणि आषाढीचा धंदा बुडाला तो वेगळाच.

इंजिन दुरुस्त होऊन गाडी घरी आली. चावी फिरवली, तरी ऑइलचा लाल दिवा पेटेना. तेव्हा वैनींचा आयटीआयला शिकणारा पुतण्या आणि आम्ही दोघी, असं तिघांनी अंगणात बसून गाडीचं मीटर बाहेर काढलं. पाठीमागं बघतो तर ऑइलच्या दिव्याच्या जागी बल्बच नाही! होल्डर रिकामा. आमच्या आधी कुणीतरी तो बल्ब काढूनच ठेवला होता. म्हणजे दिवा पेटणं शक्यच नव्हतं. वीस रुपयांच्या बल्बापायी एकोणीस हजार गेले आणि बोल मला लागला.

म्हणून आज दोन गोष्टी सांगते. मीटरमधले दिवे काय बोलतात ते, आणि गरज पडली तर ते मीटर घरी जपून कसं काढायचं ते.

चावी फिरवली की काय बघायचं

स्टिअरिंगच्या मागं वेगाचा काटा, पेट्रोलचा काटा, किलोमीटरचे आकडे आणि बारीक दिवे असलेली जी पेटी असते, तिलाच आपण मीटर म्हणतो. चावी फिरवली, पण इंजिन अजून सुरू केलं नाही, त्या वेळी तिथं दोन लाल दिवे पेटलेच पाहिजेत. एक तेलाच्या झारीसारखं चित्र असलेला, तो ऑइलचा. दुसरा बॅटरीच्या चित्राचा, तो चार्जिंगचा. इंजिन सुरू झालं की दोन्ही काही सेकंदांत विझले पाहिजेत.

दिवा पेटला आणि मग विझला, म्हणजे सगळं ठीक. इंजिन सुरू झाल्यावरही ऑइलचा दिवा विझला नाही, किंवा चालत्या गाडीत पेटला, तर गाडी कडेला घेऊन इंजिन लगेच बंद करायचं. पुढचा फाटासुद्धा गाठायचा नाही. आणि चावी फिरवल्यावर दिवा पेटलाच नाही, तर त्याचा अर्थ ‘सगळं छान’ असा नाही. त्याचा अर्थ, राखणदार झोपलाय.

इंजिनात ऑइल कशाला लागतं? बैलगाडीच्या आसाला वंगण घातलं नाही तर काय होतं ते आपल्याला माहीत आहे. इथं तर एका मिनिटात हजारो फेरे होतात. लोखंडावर लोखंड घासू नये म्हणून मधे ऑइलचा पातळ थर दाबानं सोडलेला असतो. लाल दिवा त्या दाबावर नजर ठेवतो, ऑइल किती आहे यावर नाही. दिवा पेटेपर्यंत ऑइल बरंच खाली गेलेलं असतं. म्हणून दिवा चांगला असला तरी आठवड्यातून एकदा सपाट जागी, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटांनी ऑइलची पट्टी काढायची, पुसायची, परत घालून बघायची. पट्टीवर दोन खुणा असतात. ऑइल त्या दोन खुणांच्या मधे पाहिजे.

उघडायच्या आधी, उघडायची गरज आहे का?

एखादा दिवा पेटत नाही म्हणून लगेच पेचकस हातात घेऊ नका. आधी फ्यूज बघा. ऑइलचा आणि चार्जिंगचा असे दोन्ही दिवे एकदम बंद असतील, काटेही हलत नसतील, तर बहुधा फ्यूज उडालेला असतो. फ्यूजच्या डब्याच्या झाकणावर कुठला फ्यूज कशाचा ते छापलेलं असतं. नवीन फ्यूज तेवढ्याच अँपिअरचा घाला. तांब्याची तार किंवा चॉकलेटची चांदी गुंडाळून काम भागवू नका, त्यानं वायरिंग जळतं.

एकटा ऑइलचाच दिवा बंद असेल, तर आणखी एक तपासणी आहे. ऑइलच्या दाबाचा एक छोटा स्विच इंजिनालाच बसवलेला असतो. जुन्या साध्या गाड्यांत त्याला एकच वायर असते. मेकॅनिककडून एकदा ती जागा बघून ठेवा. इंजिन थंड आणि बंद असताना ती वायर ओढून काढायची, एकीनं चावी फिरवून मीटर बघायचं आणि दुसरीनं वायरीचं टोक इंजिनाच्या उघड्या लोखंडाला टेकवायचं. दिवा पेटला, तर बल्ब चांगला आहे, स्विच खराब आहे. मीटर उघडायची गरजच नाही. दिवा पेटला नाही, तर बल्ब गेला आहे किंवा मधे वायर तुटली आहे. मग मीटर काढायचं.

कुठली गाडी घरी उघडायची नाही

हे नीट ऐका. मी सांगते ती रीत जुन्या, साध्या, एअरबॅग नसलेल्या गाड्यांची आहे. जुनी मारुती ८०० किंवा ओम्नी अशा गाड्यांची. मारुती ८०० आपल्याकडे १९८३ साली आली, २०१४ पर्यंत बनत होती. ओम्नी २०१९ पर्यंत बनली. गावोगावी त्या अजून चालतात.

स्टिअरिंगच्या मधोमध एअरबॅग असं लिहिलेलं असेल, किंवा इंग्रजी एस-आर-एस अशी तीन अक्षरं असतील, तर त्या गाडीच्या मीटरला घरी हात लावू नका. एअरबॅग स्फोटानं फुगते. चुकून फुगली तर तोंडावर बसते, मान मोडू शकते. १ जुलै २०१९ पासून आपल्या देशात नव्या गाडीला ड्रायव्हरची एअरबॅग सक्तीची झाली आहे. त्यामुळं त्यानंतरची गाडी असेल तर सरळ वर्कशॉपचा रस्ता धरा. त्याआधीच्याही पुष्कळ गाड्यांना एअरबॅग आहे, म्हणून सालावर जाऊ नका, स्टिअरिंग बघा.

गाडी गॅसवर चालणारी असेल तर आधी वास घ्या. गॅसचा जराही वास आला तर काम थांबवा. गॅसचं बटण बहुतेकदा मीटरजवळच बसवलेलं असतं, त्याच्या वायरी हलवायच्या नाहीत.

तयारी

दिवसाउजेडी, सपाट जागी गाडी लावा. हँडब्रेक ओढा, चावी काढून खिशात ठेवा, म्हणजे कुणी लेकरू येऊन फिरवणार नाही. खिडक्या उघड्या ठेवा.

हातातल्या धातूच्या बांगड्या, पाटल्या, अंगठी काढून ठेवा. मंगळसूत्र आत खोचा. बॅटरीच्या दोन टोकांमधे धातू आला की ठिणगी उडते, धातू क्षणात लालबुंद होतो. अंगठीनं बोट भाजल्याची उदाहरणं मेकॅनिक लोक सांगतात. पदर कमरेला घट्ट खोचा. बॅटरीजवळ बिडी, काडी, उदबत्ती काहीच नको, कारण बॅटरीतून पेट घेणारा वायू निघतो.

सामान असं लागेल : फुलीचा पेचकस, चपटा पेचकस, दहा नंबरचा पाना, जुना टॉवेल, रंगीत दोरे, आणि आपला मसाल्याचा जुना डबा. त्या डब्यात सात वाट्या असतात ना? प्रत्येक जागचे स्क्रू वेगळ्या वाटीत. लांब स्क्रू आखूड जागी पिळला की मागची वायर किंवा प्लास्टिक फुटतं, म्हणून ही काळजी.

मोबाइलवर मीटरचा फोटो काढा. किलोमीटरचा आकडा गटाच्या वहीत तारखेसह लिहून दोघींच्या सह्या घ्या. पुढं कुणी बोट दाखवायला नको.

काढायची रीत

पहिलं काम बॅटरीचं. बॅटरी मारुती ८०० सारख्या गाडीत बोनेटखाली असते, काही व्हॅनमधे सीटखाली असते. तिला दोन टोकं, एकावर अधिकची खूण, एकावर वजाची. आधी वजाचं टोक सोडवायचं. का? गाडीचं सगळं लोखंड वजाच्या टोकाला जोडलेलं असतं. आधी अधिकचं टोक सोडवायला गेलात आणि पाना बॉडीला टेकला, तर मोठी ठिणगी उडते. वजाचं टोक आधी निघालं की तो धोका उरत नाही. सुटलेली केबल कापडात गुंडाळून बाजूला ठेवा.

दुसरं काम, स्टिअरिंगच्या खालच्या भागावर टॉवेल टाका. मीटर बाहेर येताना ओरखडे पडत नाहीत.

तिसरं काम मीटरभोवतीच्या चौकटीचं. तिचे स्क्रू वरच्या ओठाखाली लपलेले असतात. वाकून, बोट फिरवून शोधा. सगळे स्क्रू काढले असं वाटूनही चौकट हलत नसेल, तर ताकद लावू नका. कुठंतरी एखादा स्क्रू राहिलेला असतो. काही चौकटींना आत प्लास्टिकच्या खिट्ट्या असतात. त्या उचकटायला पेचकसाच्या टोकाला कापड गुंडाळा. जुनं प्लास्टिक उन्हानं पापडासारखं झालेलं असतं, सावकाश घ्या.

चौथं काम, मीटरचे स्वतःचे स्क्रू. ते काढून मीटर आपल्याकडं चार बोटं ओढा. चारच बोटं! मागं वायरींचे जोड आणि वेगाच्या काट्याची केबल असते. जुन्या गाडीत चाकाच्या फिरण्याची खबर गिअरबॉक्सकडून एका फिरत्या तारेनं काट्यापर्यंत येते, तीच ही केबल. मीटर हिसकलं तर ती मोडते.

पाचवं काम, हात मागं घालून केबल सोडवणं. काही गाड्यांत बाजूची खिट्टी दाबून केबल ओढायची असते, काहींत कडं उलटं पिळायचं असतं. हात पोचत नसेल तर केबल जिथं अडली आहे तिथून थोडी सैल करून पुढं सरकवा, पण तिला तीव्र वाकवू नका. वाकलेली केबल नंतर काटा थरथरवते.

सहावं काम वायरींचे जोड. प्रत्येक जोडाला एक जीभ असते. ती दाबायची आणि जोडाचं प्लास्टिक धरून ओढायचं. वायर धरून कधी ओढायचं नाही. प्रत्येक जोडाला वेगळ्या रंगाचा दोरा बांधा, तोच रंग मीटरच्या त्या जागी बांधा, आणि फोटो काढा. मग मीटर हातात येतं.

बल्ब बदलताना

मीटर गाडीत जसं उभं होतं तसंच मांडीवर उभं धरा. काच खाली करून आपटू नका, काट्यांना बोट लावू नका. पाठीमागं पातळ प्लास्टिकचा कागद दिसेल, त्यावर तांब्याच्या रेषा. त्या रेषा म्हणजेच वायरी. कागद फाटला किंवा रेष तुटली तर मीटरच बदलावं लागतं.

बल्बाचा होल्डर डावीकडं पाव फेरा फिरवला की सुटतो. बल्ब सरळ ओढला की निघतो. आतली तार तुटली असेल किंवा काच काळी पडली असेल तर बल्ब गेला. जुना बल्ब घेऊनच दुकानात जा, आणि तेवढ्याच वॅटचा, १२ व्होल्टचा घ्या. ‘मोठा घ्या, उजेड जास्त पडेल’ असं कुणी म्हटलं तर ऐकू नका. मोठ्या बल्बाच्या उष्णतेनं होल्डर आणि कागद वितळतो.

चार्जिंगच्या दिव्याला एलईडी बल्ब घालू नका. पुष्कळ जुन्या गाड्यांत त्या बल्बातून जाणाऱ्या थोड्या विजेवरच आल्टरनेटर जागा होतो. तो बल्ब गेला किंवा एलईडी घातला, तर बॅटरी चार्ज होईनाशी होऊ शकते. आणि आपण उगाच नवी बॅटरी घेऊन बसतो.

काच पुसायची असेल तर ओलसर मऊ फडकं घ्या. रॉकेल, पेट्रोल, थिनर लावू नका, प्लास्टिक कायमचं पांढुरकं होतं.

बसवायच्या आधी तपासा

सगळे स्क्रू पिळून मग दिवा पेटला नाही, तर पुन्हा सगळं उघडावं लागतं. आम्ही पहिल्यांदा तेच केलं! म्हणून वायरींचे जोड लावा, बॅटरीचं वजाचं टोक जोडा, चावी फिरवा. ऑइलचा दिवा, चार्जिंगचा दिवा, हँडब्रेकचा दिवा, दोन्हीकडचे इंडिकेटर, हेडलाइटच्या वरच्या झोताचा निळा दिवा, पेट्रोलचा काटा, सगळं वहीत एकेक करून टिकमार्क करा. हँडब्रेक सोडल्यावरही तो लाल दिवा पेटलेला राहिला, तर ब्रेक ऑइल कमी असू शकतं. गाडी न चालवता आधी ते बघून घ्या.

मग चावी काढा, बॅटरीचं वजाचं टोक पुन्हा सोडवा, आणि उलट्या क्रमानं बसवा. आधी केबल. ती नीट बसल्याचा ‘टक’ आवाज येतो किंवा कडं घट्ट होतं. मग मीटर, मग चौकट. शेवटी बॅटरी. दोन्ही टोकं काढली असतील तर बसवताना आधी अधिकचं, शेवटी वजाचं. मसाल्याच्या डब्यात एकही स्क्रू उरता कामा नये.

गाडी आधी गल्लीत सावकाश फिरवा. वेगाचा काटा चढतो का, किलोमीटरचा आकडा सरकतो का बघा. मीटर काढलेली गाडी रस्त्यावर न्यायची नाही.

शेवटचं सांगणं

जुनी गाडी घ्यायला जाल तेव्हा चावी स्वतः फिरवा आणि दोन लाल दिवे मोजा. एकही कमी असला तर तिथंच विचारा. मीटरच्या चौकटीचे स्क्रू खरवडलेले असतील तर मीटर आधी उघडलेलं आहे, हे समजा. उघडलं म्हणजे लबाडीच केली असं नाही, आम्हीही उघडलं. पण किलोमीटरचा आकडा मागं फिरवून गाडी विकणं ही फसवणूक आहे. आकडा कमी आणि पायाखालचं ब्रेकचं पॅडल झिजून गुळगुळीत, असं दिसलं तर सौदा थांबवा.

आमच्या व्हॅनला आता बल्ब आहे. रोज सकाळी जी गाडी काढते ती चावी फिरवून मोठ्यानं म्हणते, “ऑइल पेटला, बॅटरी पेटली.” इंजिन सुरू झालं की, “दोन्ही विझले.” शेजारी बसणारी वहीत खूण करते. आधी आम्हाला हसू यायचं, आता सवय झाली आहे. मागच्या महिन्यात वैनी म्हणाल्या, “अगं, ऑइलचा दिवा पेटला नाही.” आम्ही गाडी जागची हलवली नाही. स्विचची वायर निघाली होती. ती लावली, दिवा पेटला, पट्टी बघितली आणि मगच निघालो. भाकरी वेळेवर पंढरपुरात पोचल्या.

मला ज्यांनी बोल लावला, त्यातले एक काका परवा आपली गाडी घेऊन अंगणात आले. म्हणाले, “पोरी, माझाही दिवा पेटत नाही, बघतेस का जरा?” मी मसाल्याचा डबा काढला.

तुमच्या गटाच्या पुढच्या बैठकीत एवढंच करा. गाडी असेल तर सगळ्याजणींना तिच्यात एकदा बसवा, चावी फिरवा आणि दोन दिवे दाखवा. जिला गाडी चालवायची नाही तिलाही दाखवा, कारण गटाचा पैसा तिचाही आहे.

बरं तर, येते मी. आमटी खाली लागली असेल तर मला बोल लावू नका. नमस्कार!